रेकॉर्ड केलेला वर्ग वेगळा, ऑनलाइन कोर्स वेगळा

फिजिक्सचा फ्री कोर्स सुरू केला, तिसऱ्या आठवड्यात सुटला, आता या वयात काय जमणार, असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्यांना फक्त छान शिकवलेलं ऐकायचं असतं आणि नाव मात्र परीक्षावाल्या कोर्सला घातलेलं असतं.

गोंधळ होणं साहजिक आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं नाव दोन्हीकडे दिसतं. एमआयटीनं 2001 मध्ये ओपन कोर्सवेअर जाहीर केलं, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना जे शिकवतो तेच मटेरियल सगळ्यांना खुलं. आणि 2012 मध्ये हार्वर्डबरोबर एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची साइट काढली, तशीच कोर्सेरा पण त्याच वर्षीची. हे दुसरं म्हणजे मूक (MOOC), कितीही लोकांना एकाच वेळी घेता येणारा खुला ऑनलाइन कोर्स. त्यात घरी बसून शिकणाऱ्यासाठी मुद्दाम बनवलेले छोटे छोटे व्हिडिओ, मध्ये क्विझ, बऱ्याच कोर्सना तारखा, आणि सर्टिफिकेट हवं तर सहसा पैसे. ज्याला नोकरीसाठी दाखवायचंय किंवा मागे कुणी लागल्याशिवाय अभ्यास होत नाही त्याच्यासाठी हे उत्तमच.

पण आवड म्हणून शिकायचं असेल तर मी रेकॉर्ड केलेला वर्गच सांगेन, म्हणजे विद्यापीठातल्या खऱ्या वर्गात शूट केलेली लेक्चर्स. नाव नोंदवायचं नाही, डेडलाइन नाही, लेक्चर अर्ध्यावर सोडून महिन्याने परत लावलं तरी कुणी विचारत नाही. येल विद्यापीठाच्या राममूर्ती शंकर यांचं फिजिक्स बघा, फळ्यावर एकेक पायरी मांडत जातात, वर्गातून प्रश्न येतो, ते थांबतात, आणि नेमका तोच प्रश्न आपल्याही डोक्यात असतो. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सपोल्स्कींची माणसाच्या वागण्यामागच्या बायोलॉजीवरची 2010 ची 25 लेक्चर्स तर गणिताची भीती असणाऱ्यानेही बिनधास्त लावावीत.

एक मात्र आहे, ओपन कोर्सवेअरच्या प्रत्येक कोर्सला व्हिडिओ नसतात, कित्येक ठिकाणी नुसत्या नोट्स आणि असाइनमेंट, म्हणून आधी व्हिडिओ लेक्चर्स आहेत का ते बघून घ्या. आणि इथे तपासणारं कुणी नसतं, त्यामुळे ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि गणित सोडवायला घेतलं की पेन अडतं, तेव्हा प्रॉब्लेम सेट असेल तर त्यातली दोन-तीन तरी करून बघा.

लिओनार्ड ससकिंड यांची थिऑरेटिकल फिजिक्सची लेक्चर्सही जरूर शोधा. ती स्टॅनफर्डच्या कंटिन्युइंग स्टडीजमधली आहेत, म्हणजे समोर बसलेले विद्यार्थीच मोठ्या वयाचे, कॉलेज मागे पडलेलं पण फिजिक्सची ओढ तशीच, आणि ते मधेच थांबवून अगदी बेसिक प्रश्न विचारतात.