मेमरी-आरंभाच्या बदलांची तपासणी (कर्नेल)

संगणक चालू होताच हाती किती मेमरी आली हे कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाहते, तिची नोंद करते आणि मग ती वापरायला सोडते. या आरंभीच्या कोडमधला बदल (पॅच) स्वीकारण्याआधी तो लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी वाचून, चालवून पाहणे म्हणजे ही तपासणी. ही नोंद लिनक्स कर्नेलपुरती आहे.

फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या, कर्नेलआधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) दिलेला मेमरीचा नकाशा सलग नसतो. कोकणातल्या गावात देवराई गावच्याच हद्दीत असते, पण तिथे कोयता चालवत नाहीत. तसे मेमरीतले काही पट्टे राखीव. म्हणून ‘मेमब्लॉक’ ही आरंभीची यंत्रणा दोन याद्या ठेवते, एक सगळ्या मेमरीची, दुसरी राखीव पट्ट्यांची. राखीव नोंद होण्याआधी वाटप झाले की देवराई तुटलीच. तपासणाऱ्याची पहिली नजर या क्रमावर असते. मेमब्लॉक पॉवरपीसी या प्रोसेसर-घराण्यासाठीच्या ‘एलएमबी’ या कोडमधून आले. ‘मेमब्लॉक’ हे नाव २०१० मधले. आरंभीची जुनी यंत्रणा ‘बूटमेम’ २०१८ मध्ये काढली गेली.

पुढे मोकळी पाने (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) ‘बडी’ वाटपयंत्रणेकडे जातात. दोनाच्या घाताएवढे तुकडे पाडून जोडीदार मोकळा झाला की पुन्हा सांधायचे, ही तिची रीत. जनकत्व वादाचे आहे. बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांचे वर्णन १९६५ मध्ये छापले गेले. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ मात्र १९६३ च्या सुमारास हॅरी मार्कोविट्झ यांनी ती वापरल्याचे सांगतात (हेच १९९० चे अर्थशास्त्रातले नोबेल मानकरी). दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सांधताना यंत्रणा शेजारच्या पानाची नोंद वाचते. ती भरलेलीच नसेल तर कर्नेल कोसळू शकते.

४ केबीच्या प्रत्येक पानामागे साधारण ६४ बाइटची नोंद, म्हणजे १६ जीबीला २५६ एमबी. मोठ्या यंत्रांवर हे भरण्यात वेळ जाई, म्हणून २०१५ पासून (आवृत्ती ४.२) बरेचसे भरणे पुढे ढकलता येते.

दोष तपासणाऱ्याच्या यंत्रावर दिसेलच असे नाही. एक्स८६-६४ वर (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर) मेमरीचे ‘सेक्शन’, म्हणजे कर्नेलने पाडलेले गट, १२८ एमबीचे. मेमरी सेक्शनच्या अधेमधे संपली तर उरलेल्या पानांच्या नोंदी राहून जाऊ शकतात. त्यासाठी क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मुद्दाम १३० एमबीसारखी अडनिडी मेमरी देऊन पाहतात. वाचून पटले की ‘रिव्ह्यूड-बाय’, नुसते चालवले असेल तर ‘टेस्टेड-बाय’ अशी ओळ आपल्या नावाने जोडतात.

पॅच साध्या मजकुराचा असतो व ई-मेलने फिरतो. त्यामुळे पावसाळ्यात घटकाभर वीज आली तरी देवगड-गुहागरात तो उतरवून घेता येतो. कर्नेल बिल्ड करायला (कोडपासून चालवण्याजोगे बनवायला) मात्र वीज टिकावी लागते.