ब्रँडनामांचे सामान्यरूप

एखाद्या कंपनीने नोंदवलेले नाव रोजच्या बोलण्यात त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंना लागू लागले, की विशेषनामाचे सामान्यनाम होते. मराठीत हा बदल नुसत्या अर्थापुरता राहत नाही. आलेल्या नावाला लिंग, वचन आणि विभक्ती घ्यावीच लागते.

आधी ठरते ते लिंग, आणि ते बहुधा घरातला जुना शब्द ठरवतो. ‘प्रत’ आणि ‘नक्कल’ स्त्रीलिंगी, म्हणून झेरॉक्सही ‘काढली’ जाते. ‘पेस्ट संपली’ म्हणणाऱ्या घरातच ‘कोलगेट संपलं’ असेही ऐकू येते. या नपुंसकलिंगामागे पूर्वीचे मंजन असावे.

खरी कसोटी मात्र सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या रूपात होणाऱ्या बदलाची. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडा या वनस्पती तुपाचे नाव आकारान्त, ते सरळ घोडा-घोड्याच्या वळणावर गेले: ‘डालड्यात तळलेल्या करंज्या’, ‘डालड्याचा डबा’. रिकाम्या डब्यात तुळस लावली, तरी तो डालड्याचाच डबा राहिला. निरम्याची गोष्ट याहून बोलकी आहे. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये गुजरातेत सुरू केलेल्या या पावडरीला मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून नाव दिले. मराठी बोलण्यात त्या स्त्रीनामाची खूण उरली नाही. ‘शाळेचा’सारखे ‘निरमेचा’ न होता ‘निरम्याचा पुडा’ झाला.

ईकारान्त नावे भाकरीच्या वाटेने जातात. बर्मिंगहॅमच्या एका घराण्याचे आडनाव इथे वाढदिवसाला वर्गात वाटायच्या ‘कॅडबऱ्या’ झाले, तेही खास मराठी ‘ऱ्या’ घेऊन. अनेकवचन झालेल्या अशा शब्दाला परका म्हणणे मला पटत नाही. व्यंजनान्त नावे मात्र हट्टी असतात. ‘टेबलावर’ रुळले, पण ‘कोलगेटाने’ कोणी म्हणत नाही.

क्रियापदासाठी मराठी ‘करणे’, ‘काढणे’, ‘मारणे’ जोडते: ‘गुगल कर’, ‘दोन झेरॉक्स मार’.

कंपन्यांना या लोकप्रियतेची धास्ती असते, कारण नाव सर्वांचे झाले की त्यावरचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत ‘एस्केलेटर’चे १९५० मध्ये तसे झाले. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही प्रचलित भाषेत रुळलेल्या शब्दाला नोंदणी नाकारण्याची तरतूद आहे. ‘थर्मॉस’ हे नाव अमेरिकी न्यायालयाने १९६३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. मराठीत त्याचा उच्चारही बदलला, आणि दवाखान्यात न्यायचा तो ‘चहाचा थर्मास’ पुल्लिंगी ठरला.