सरकीची टरफलं, नायलॉन आणि मागचं अंगण

ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या घरामागे पोहण्याच्या तलावाशेजारी हल्ली एक वेडावाकडा हिरवा तुकडा दिसतो. त्यात चार-पाच भोकं, प्रत्येकात वीतभर झेंडा. भारतातून मुलाकडे आलेले आईवडील पहिल्या दिवशी विचारतात, "हा गालिचा बाहेर का टाकलाय?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. गोल्फच्या या कृत्रिम पटिंग ग्रीनचं मूळ शोधायला गेलं, तर लॉनपेक्षा गालिच्याचंच घराणं जास्त जवळचं निघतं.

ग्रीन म्हणजे जिथे चेंडू उडवायचा नाही, नुसता घरंगळवत भोकात टाकायचा (यालाच पटिंग म्हणतात), ती जागा. भोकाचा सव्वाचार इंचांचा व्यास स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १८९१ मध्ये पक्का केला, तो आजही तोच आहे. निव्वळ पटिंगचा खेळ मात्र त्याहून जुना. बाईने काठी खांद्याच्या वर उचलणं तेव्हा अशोभनीय समजत, म्हणून १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या बायकांनी स्वतःचा पटिंग क्लब काढला. तिथल्या गोल्फ मैदानाची निगा राखणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने त्यांना आखून दिलेल्या उंचसखल जागेला 'हिमालयाज' म्हणतात. तिथे अजून खेळ चालतो.

स्कॉटलंडात समुद्रकाठचं बारीक गवत आयतं मिळतं. खेळ जिथे जिथे गेला तिथे ते मिळालं नाही, आणि लोकांनी गवताचा हट्टही धरला नाही. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या नामांकित दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूच्याच ग्रीन होत्या. भारतात, विशेषतः छावण्यांतल्या मैदानांवर, 'ब्राउन' असत: तेल मिसळून दाबलेल्या वाळूचा काळपट गोल. पट मारण्याआधी कॅडीने, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाने, त्यावरून फळी किंवा चटई ओढून पावलांचे ठसे पुसायचे, मग खेळाडूने काठी उचलायची. चेंडू सरळ आणि एकसारखा घरंगळला म्हणजे झालं, पृष्ठभाग कशाचा का असेना.

हीच गरज टॉमस मॅक्युलॉक फेअरबेर्नला मेक्सिकोत भेडसावत होती. त्याची कापसाची शेती होती आणि गोल्फचं वेड होतं. गवत काही धरेना. १९२२च्या सुमारास त्याने सरकीची टरफलं भरडून त्यात वाळू आणि तेल मिसळलं आणि सगळ्याला हिरवा रंग दिला. (आपल्या विदर्भात सरकी म्हटलं की आधी पेंड आणि म्हैस आठवते.) हे मिश्रण स्वस्त होतं, छान दाबलं जायचं, पाण्याचा निचराही व्हायचा. पुढे अमेरिकेत लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टरने आपल्या हॉटेलपाशी 'टॉम थंब' नावाचं छोटं गोल्फ सुरू केलं आणि सरकीची हिरवळ देशभर पसरली. १९३० मध्ये एकट्या न्यूयॉर्कात दीडशेच्या आसपास गच्च्यांवर असं मिनी गोल्फ होतं. मंदीत ते वेड आलं तसंच ओसरलं.

घराच्या अंगणातली ग्रीन गाजली ती व्हाइट हाउसमुळे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये कार्यालयाबाहेरच ग्रीन करून घेतली, अस्सल गवताची. खारींनी ती उकरायला सुरुवात केली, तेव्हा खारी पकडून दूर नेऊन सोडण्यात आल्या. त्यावर सिनेटर न्यूबर्गर यांनी थेट खारी बचाव निधी उघडला! कुठल्याही घरमालकाला आपला माळी आठवावा असा प्रसंग.

प्लास्टिक आलं ते गोल्फसाठी नव्हे. मोन्सॅन्टो कंपनीचं नायलॉनचं गवत १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत प्रथम अंथरलं गेलं. दरम्यान ह्यूस्टनमध्ये छप्पर असलेलं ॲस्ट्रोडोम हे बेसबॉलचं स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झालं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हात खेळाडूंना उंच उडालेला चेंडूच दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन गेलं, गवतही गेलं. काही दिवस मेलेल्या गवतावर हिरवा रंग मारून सामने खेळवले. १९६६ मध्ये नायलॉन आलं आणि 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. अंगणातल्या सुरुवातीच्या ग्रीन याच जातीच्या, आणि खरं सांगायचं तर वाईट होत्या. लव एका बाजूला झुकलेली, त्यामुळे एकीकडे चेंडू पळायचा नि दुसरीकडे अडायचा.

सुधारणा झाली, कारण वेग मोजता येऊ लागला. १९३५च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला गोल्फपटू जीन साराझेनचा चेंडू ग्रीनवरून थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेलेला एडवर्ड स्टिम्पसनने पाहिला आणि लाकडाची एक खाचेची पट्टी बनवली. चेंडू खाचेत ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची; ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो, तो किती फूट गेला ते मोजायचं. १९७०च्या दशकात अमेरिकी गोल्फ संघटनेने ती ॲल्युमिनियमची करून मैदानांना दिली. तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज मोठ्या स्पर्धांत १२-१३. त्यासाठी खरं गवत जेमतेम तीन मिलिमीटरवर कापावं लागतं, तेही रोज. म्हणजे गवतच गालिच्यासारखं होत गेलं.

आज कंत्राटदारही हाच आकडा विचारतो. काम मात्र बहुतांशी जमिनीखालचं. चार-सहा इंच माती काढायची, खडी आणि कच थराथराने पसरून, पाणी मारून दाबायची, उतार तिथेच घडवायचा, कप त्यातच बसवायचे. वर पॉलिप्रॉपिलीनची लव असेल तर तिच्यात बारीक वाळू ब्रशने झाडत भरायची आणि रोलर फिरवायचा. वाळू जितकी दाबाल तितका वेग. म्हणजे फिरून ब्राउनच, फक्त वर केस असलेला.

मागणी वाढवली ती दुष्काळाने. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला आणि त्याच वर्षी कृत्रिम गवताला बंदी घालण्याची शहरांची मुभा कायद्याने काढून घेतली. २०२३ मध्ये नव्या कायद्याने ती परत दिली. प्लास्टिकचा कचरा नि उष्णता यांबद्दलच्या तक्रारी तोवर वाढल्या होत्या. त्यातली उष्णतेची तक्रार पायाला लगेच कळते. उन्हाळ्यातल्या दुपारी या हिरवळीवर अनवाणी उभं राहवत नाही, आणि पाणी वाचवायला बसवलेल्या ग्रीनवर खेळायच्या आधी नळी धरून पाणी मारावं लागतं.