कुलवृत्तांतासाठी छायाचित्रे व कागदपत्रांची डिजिटल मांडणी

घराण्याच्या इतिहासासाठी जमवलेली छायाचित्रे, पत्रे, दाखले, भाडेपावत्या यांच्या डिजिटल प्रती काढून त्या माणूस, ठिकाण आणि काळ यांवरून सापडतील अशा लावून ठेवण्याची पद्धत. मुंबईत हा ऐवज बहुधा पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो. चाळ पुनर्विकासाला गेली, की सामान हलवताना तो रद्दीत जाण्याचा धोका सर्वांत मोठा.

फोटो अल्बममधून काढण्याआधी अख्ख्या पानाचे चित्र घ्यावे. कोणत्या फोटोशेजारी कोणता होता, हाही पुरावाच आहे. मग पुढची व मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. कागदाला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरते, छापील फोटोला ६००, ३५ मिमी निगेटिव्हला किमान २४००. मूळ प्रत टिफ या मोठ्या, तपशील न गमावणाऱ्या फाइलीत ठेवावी, वाटायची जेपीईजी या लहान फाइलीत. पावसाळ्यातल्या दमट हवेने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन फ्रेमच्या काचेला चिकटतो. तो ओढला तर चेहराच काचेवर राहतो. असा फोटो काचेसकट, बाजूने उजेड घेऊन कॅमेऱ्याने टिपावा.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ बारकाव्यांवरून ठरतो. पावतीवर आणे-पै असतील तर ती साधारण १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नवे पैसे’ हा शब्द त्या दिवसापासून ३१ मे १९६४ पर्यंतचा. स्टुडिओच्या शिक्क्यावर ४०००२८ असा सहा आकडी पिन असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसता ‘मुंबई २८’ असा जुना टपाल विभाग असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण तसे लिहिण्याची सवय पुढेही टिकली. लग्नपत्रिकेतील शकात ७८ मिळवून इसवी सन काढताना हमखास चूक होते ती वर्षअखेरीच्या महिन्यांत: शके १८६५ मधला माघ १९४३ चा नव्हे, १९४४ चा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात.

नावांचा घोळ याहून अवघड. नातवाला आजोबांचे नाव ठेवल्यामुळे ‘गणेश विष्णू’ एका पिढीआड पुन्हा येतो, वडिलांच्या नावासकट आणि त्याच आडनावाने. स्त्रियांचे लग्नानंतर आडनाव आणि अनेकदा पाळण्यातले नावही बदलते, म्हणून माहेरचे नाव न नोंदवलेली आजी वंशावळीतून निसटते. प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे माहेर-सासरची दोन्ही नावे व जन्मवर्ष लिहावे. ‘काकू’, ‘जिजी’ ही नाती सांगणाऱ्यानुसार बदलतात. ती एकटी कधीच लिहू नयेत. फोटोतली माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे, डावीकडून उजवीकडे, आणि कोणी कधी ओळखले तेही टिपावे. बाकी कामे थांबू शकतात, हे नाही.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते: ‘१९६२-०५_गिरगाव_मुंज_०३_मागे’. अंदाजाने ठरवलेल्या वर्षापुढे ‘अंदाजे’ लिहावे, नाहीतर पुढच्या पिढीत तोच अंदाज पुरावा ठरतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारातून नक्कल घेतली तर खंड व पान तिथेच नोंदवावे. मोडी कागदाचे लिप्यंतर वेगळ्या फाइलीत ठेवावे, मूळ चित्रावर काही लिहू नये.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातली तारीख-माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास दोन्ही टिकतात. हयात माणसांचे आधार, पॅन किंवा बँकेचे कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नयेत. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात: संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा डिस्क जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात. वापरात नसलेली डिस्क कधी बंद पडली हे एरवी कळत नाही.