ग्वाल्हेरचं शून्य नक्की किती जुनं?

किल्ल्याच्या चढणीवरच्या चतुर्भुज मंदिरातलं शून्य जगातलं सर्वांत जुनं, असं आपण ग्वाल्हेरकर पाहुण्यांना हमखास सांगतो. ते बरोबर नाही.

शिलालेखात वर्ष ९३३ आहे, पण हा विक्रम संवत. त्यातून ५७ वजा केले की इ. स. ८७६ येतं. आपल्या पंचांगाच्या सवयीनं शक समजून ७८ मिळवले, तर १०११ येतं आणि सगळाच घोळ होतो. कंबोडियातल्या एका शिलालेखात शके ६०५ आहे, म्हणजे इ. स. ६८३. तिथलं शून्य ठिपक्याचं, पण जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं.

आपल्या शिलालेखात मात्र बघण्यासारखं खूप आहे. देवाच्या फुलबागेचं माप २७० हात बाय १८७ हात, रोज ५० हार. यातल्या २७० आणि ५० मधला तो छोटासा गोल जवळून बघा, आजच्यासारखाच आहे.