दुखणे जागा बदलते तेव्हा

पोटात दुखू लागले की आपल्याकडे आधी ओवा निघतो, मग हिंग, मग "काल बाहेर काय खाल्लेस?" हा प्रश्न, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतेही. अडचण अशी की, कळ जितकी मोठी तितका आजार मोठा, असे आपण धरून चालतो आणि पोट हा हिशेब पाळत नाही. गॅसची कळ माणसाला गडाबडा लोळवून तासाभरात विरते, तर अपेंडिक्सची सूज सुरुवातीला बेंबीभोवतीच्या मंद दुखण्यापलीकडे, थोड्या मळमळीपलीकडे आणि भूक मेल्यापलीकडे फारसे काही दाखवत नाही.

अपेंडिक्स असते पोटाच्या खालच्या उजव्या भागात. मग दुखते बेंबीपाशी का? आतड्यांच्या मज्जातंतूंना ताण कळतो, जागा नेमकी कळत नाही. अपेंडिक्सकडून येणारे संदेश मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेचेही येतात, त्यामुळे मेंदूची गफलत होते. पुढे काही तासांत सूज पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला भिडते. या अस्तराचे मज्जातंतू मात्र जागेबाबत काटेकोर असल्याने रुग्ण एका बोटाने दुखरी जागा दाखवू लागतो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये तिचे वर्णन केले: उजव्या कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाताना साधारण एक तृतीयांश अंतरावर. दवाखान्यात जाताना रिक्षा गतिरोधकावरून उडाली आणि हादऱ्यासरशी त्याच दुखऱ्या जागी कळ उठली, ही हकिगत डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची असते.

दुखणे असे सरकले, किंवा सहा-सात तास हटलेच नाही, तर रात्र काढू नये. एरंडेल किंवा जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नये. अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण उतरून काही वेळ बरेही वाटते. या फसव्या आरामानंतर संसर्ग पोटभर पसरू शकतो. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांच्यात हा क्रम बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

काही लक्षणांत तर तासही मोजू नयेत: पोट फळीसारखे कडक होणे, उलटीत रक्त किंवा हिरवे पित्त येणे, डांबरासारखे काळे शौच, पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, पाळी चुकलेल्या स्त्रीला ओटीपोटात दुखून चक्कर येणे. पोटाच्या वरच्या भागात दाब आणि सोबत घाम, धाप असेल, विशेषतः मधुमेही किंवा वयस्क व्यक्तीत, तर गॅसची गोळी शोधत न बसता हृदयाची तपासणी करून घ्यावी.

निघताना रुग्णाला चहासुद्धा देऊ नये, कारण शस्त्रक्रिया ठरल्यास भूल देताना पोट रिकामे असलेले बरे; आणि दुखणे किती वाजता, कुठे सुरू झाले व आता कुठे आहे, हे घरातल्या कोणीतरी लक्षात ठेवावे.