डिअर, टीअर आणि आपला मृग

भाचीने जर्मनच्या टेस्टमध्ये इंग्रजी 'डिअर'चं, म्हणजे हरणाचं, भाषांतर 'टीअर' केलं आणि मार्क गेला. टीअर म्हणजे कुठलाही प्राणी, हरणाला 'हिर्श', त्यातल्या एका छोट्या जातीला 'रे'. सरांचं बरोबरच आहे, पण आमची पोरगी हजारेक वर्षं उशिरा जन्मली एवढाच तिचा गुन्हा.

कारण जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर, मुख्यतः रानातलं. जर्मन बोलींमध्ये साधारण सहाव्या ते आठव्या शतकात उच्चार सरकले, ड चा ट झाला, म्हणून इंग्रजी 'डे' तिकडे 'टाग' आणि 'ड्रिंक' तिकडे 'ट्रिंकन', तसेच डिअर आणि टीअर, सख्खी भावंडं. मग १०६६ ला फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंडात घुसले, फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, पुढे लॅटिनचा 'अ‍ॅनिमल' आला आणि डिअरच्या वाट्याला उरलं फक्त हरीण. हरीणच का, तर शिकार म्हटलं की डोळ्यासमोर तेच यायचं. तरी १६०६ च्या आसपास शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला वेड्याचं सोंग घेतलेला एडगर उंदीर-घुशींना 'बारीकसारीक डिअर' म्हणतोच. आणि गंमत म्हणजे जर्मन शिकाऱ्यांच्या भाषेत लाल हरणाच्या मादीला अजूनही टीअरच म्हणतात!

हे ऐकून भाची म्हणाली, मामा, इंग्रज लोक विचित्रच आहेत. म्हटलं थांब, आपण काय वेगळं केलंय? संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र, शिकार ती मृगया, आणि माकड चक्क शाखामृग, फांदीवरचं जनावर. पुढे मृग म्हणजे हरीण एवढंच राहिलं, मृगजळातलं आणि ७ जूनच्या आसपास लागणाऱ्या नक्षत्रातलं. याच शब्दाचा फारसी भाऊ 'मुर्ग', तो तिकडे पक्षी झाला आणि आता हॉटेलच्या मेन्यूत कोंबडी होऊन बसलाय. म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसात कॅम्पात जाऊन मुर्ग मुसल्लम खाणारा पुणेकर एकाच घराण्यातले दोन शब्द एका संध्याकाळी उरकतो.

हरीण शब्दही आपण सैलच वापरतो म्हणा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसला की आख्खी जीप 'हरीण, हरीण' करते, पण इंग्रजीत तो डिअर नाही आणि जर्मनमध्ये हिर्शही नाही, कारण हिर्शची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, चिंकाऱ्याची जन्मभर टिकतात. तो 'गाझेल'.

आता हे सगळं सरांना सांगून अर्धा तरी मार्क परत मागायचा तिचा प्लॅन होता. मी पेपर बघितला. टीअर नपुंसकलिंगी, त्याच्या आधी 'डास' हवं, भाचीबाईंनी पुल्लिंगी 'डेअर' लिहिलंय.